बत्तीस चित्रांचं मांजर

ओनेको हा एक छोटासा प्रोग्राम आहे. लिनक्सवर तो सुरू केला की पडद्यावर काळ्या रेघांनी काढलेलं एक पांढरं मांजर येतं, माउसच्या बाणाचा उंदीर होतो आणि मांजर त्याच्यामागे धावू लागतं. उंदीर थांबला की मांजर तिथवर पोचतं, जरा वेळ काढतं आणि झोपतं. उंदीर हलला की जागं होतं. संपला प्रोग्राम. गुण मिळत नाहीत, पातळ्या चढायच्या नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. अशा वस्तूचं रसग्रहण करायला बसलो आहे म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मांजराकडे बघतात. पण या प्रोग्रामात रस आहे, आणि तो पाठलागात नाही. तो थांबण्यात आहे. हे कसं, ते सांगायचं तर नुसता पडदा बघून भागत नाही, आतला कोडही वाचावा लागतो. लिनक्सच्या जगात ही सोय आहे. पदार्थाबरोबर कृतीही हातात मिळते, आणि ओनेकोची कृती तर सार्वजनिक मालकीची आहे.

आधी थोडी वंशावळ. हे मांजर लिनक्सपेक्षा वयाने मोठं. लिनक्स १९९१चं, मांजराची मूळ कल्पना १९८०च्या दशकातली, जपानमधली. एनईसी कंपनीच्या पीसी-९८०१ या तिकडे घरोघरी असलेल्या संगणकासाठी नाओशी वातानाबे यांनी ते पहिल्यांदा केलं. १९८९मध्ये केन्जी गोतो यांनी ते मॅकिन्टॉशवर आणलं. पुढे मासायुकी कोबा यांनी युनिक्सच्या एक्स विंडो व्यवस्थेसाठी एक्सनेको लिहिला. कोबांचं मांजर एका चौकटीत राहत असे, पेटीत ठेवल्यासारखं. तात्सुया कातो यांनी ती चौकट काढून टाकली आणि मांजराला सगळा पडदा मोकळा करून दिला. तोच ओनेको. वंशावळीतली ही शेवटची उडी मला सर्वांत मोलाची वाटते. चौकटीतलं मांजर आपण उघडून बघतो, कंटाळलो की बंद करतो. मोकळं मांजर आपल्या कामातून फिरतं. हिशेबाच्या तक्त्यावरून जातं, अर्ध्या लिहिलेल्या पत्रावर बसतं, बँकेचं पान उघडलं असेल तर त्यावरूनही बिनदिक्कत धावतं. कामाला निघताना मांजर आडवं गेलं तर दोन पावलं मागे फिरणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. त्यांनी ओनेको लावला तर त्यांचं कुठलंच काम सुरू व्हायचं नाही.

मांजर मोकळं कसं झालं याचं तंत्रही बघण्यासारखं आहे. एक्समध्ये पडद्यावर जे काही दिसतं ते कुठल्या ना कुठल्या खिडकीत दिसतं. मग मांजरही खिडकीच. फक्त या खिडकीला चौकोनी कडा नाहीत. ती मांजराच्या अंगासारखी कातरलेली आहे, कानांपाशी टोकदार, पाठीपाशी गोल. खिडक्यांना हवे ते आकार देण्याची सोय एक्समध्ये नंतर जोडली गेली, आणि कातोंनी ती इतक्या साध्या कामासाठी इतकी नेमकी वापरली. शिवाय खिडक्यांना पट्टी, बटणं, कडा लावणाऱ्या व्यवस्थापकाला या खिडकीपासून लांब राहायला सांगितलेलं आहे. म्हणून तिला लहान-मोठं करता येत नाही, तिच्यावर बंद करायची फुली नाही. डेस्कटॉपवर राहून डेस्कटॉपचे नियम न पाळणारी ही खिडकी, आणि तिच्यात मांजर आहे.

आता चित्रं. मांजराची एकूण चित्रं बत्तीस, आणि प्रत्येक चित्र बत्तीस ठिपके रुंद, बत्तीस उंच. म्हणजे १,०२४ ठिपके, प्रत्येक ठिपका काळा तरी नाहीतर पांढरा. करडा रंगसुद्धा नाही. एक चित्र १२८ बाइटांत बसतं, सगळं मांजर ४,०९६ बाइटांत. कडा कातरायला लागणारे मुखवटे वेगळे धरले तरी आठ किलोबाइटांच्या आसपास गोष्ट आटोपते. आमच्या सगुणेचा फोनवर काढलेला एखादा फोटो सहज चार मेगाबाइटचा असतो, म्हणजे तेवढ्या जागेत अशी पाचशे मांजरं मावतील. सगुणा ही आमची मांजर, तिच्याकडे येतोच. ही चित्रं ज्या पद्धतीने साठवली आहेत ती पद्धतही वाचनीय आहे. चित्राची फाइल म्हणजे सी भाषेत लिहिलेली आकड्यांची एक यादी. साध्या एडिटरमध्ये ती उघडता येते आणि एक आकडा बदलला तर मिशीचा एक केस कमी होतो. चित्रच मजकूर आहे, म्हणून मजकुरासारखंच त्याचं वाचन करता येतं.

त्या बत्तीस चित्रांत धावण्याच्या आठ दिशा आहेत, प्रत्येक दिशेला दोन चित्रं. म्हणजे सोळा, बरोबर अर्धी. वर जाणाऱ्या मांजराची पाठ दिसते, खाली येणाऱ्याचं तोंड. नख्या घासण्याची आठ चित्रं आहेत, चार भिंतींना दोन-दोन. उरलेल्या आठांत बसणं, तोंड धुणं, डोकं खाजवणं, जांभई, झोप आणि दचकून जागं होणं. या वाटणीकडे जरा थांबून बघावं. पाठलागाच्या म्हणवणाऱ्या प्रोग्रामातली निम्मी चित्रं पाठलागाची नाहीत. खेळांत असं क्वचितच दिसतं. खेळातलं पात्र थांबलं की सहसा मरगळतं, कारण खेळ लिहिणाऱ्याचा सगळा जीव हालचालीत असतो. इथे उलटं झालं आहे.

धावण्याचा भाग तर अगदी सरळ लिहिलेला आहे. प्रोग्राम सेकंदाला आठ वेळा उंदीर कुठे आहे ते बघतो आणि मांजराला त्या दिशेने तेरा ठिपके सरकवतो. पुढच्या वेळी पुन्हा बघतो, पुन्हा तेरा ठिपके. उंदीर कुठे जाणार याचा अंदाज नाही, वाट अडवणं नाही. या क्षणी तो जिथे आहे तिकडे तोंड. असा पाठलाग केला की जी वळणदार वाट उमटते तिचा गणितात अभ्यास झालेला आहे. फ्रेंच गणिती पिएर बुगेर यांनी १७३२मध्ये एका जहाजामागे लागलेल्या दुसऱ्या जहाजाच्या रूपात तो मांडला. माउस गोल फिरवला तर ओनेकोचं मांजर ती वाट पडद्यावर काढून दाखवतं. शाळेत वक्ररेषा शिकवणाऱ्यांनी हे करून बघायला हरकत नाही. मात्र मांजर म्हणून हे खोटं आहे. मांजर असं धावतच नाही. ते दबा धरतं, अंग जमिनीला लावतं, मागचा भाग हलवून अंतर जोखतं आणि मग एकदाच झेपावतं. नजरेसमोरच्या वस्तूमागे जिवाच्या आकांताने पळत सुटतो तो कुत्रा. थोडक्यात, ओनेको धावतं कुत्र्यासारखं. गंमत अशी की कातोंच्या प्रोग्रामात खरोखरचा कुत्राही आहे. कमांडपुढे 'डॉग' हा पर्याय लिहिला की मांजराच्या जागी कुत्रा येतो आणि उंदराचं हाडूक होतं. त्या कुत्र्याचा वेग कोडमध्ये दहा ठिपके ठेवला आहे, मांजरापेक्षा तीन कमी. लेखकाचा पक्षपात एका आकड्यात दिसतो तो असा. 'तोरा' या पर्यायाने अंगावर वाघासारखे पट्टे असलेलं मांजर मिळतं. त्याचा वेग सोळा. वाघाच्या मावशीचा मान राखला आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. चित्रं आठच दिशांची, पण सरकणं कुठल्याही कोनात होतं. कुठलं चित्र दाखवायचं हे साइनच्या दोन किमतींवरून ठरतं, पडद्याचे आठ सारखे कोन पाडून. त्यामुळे दोन दिशांच्या मधल्या कोनात धावताना मांजराचे पाय एकीकडे पडतात आणि अंग किंचित दुसरीकडे जातं. आमच्या दिवाणखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर वळण घेताना सगुणेचं नेमकं हेच होतं. ओनेकोत हा हेतू नसेल, आळशी गणिताचा परिणाम असेल. पण रसग्रहण करणाऱ्याने हेतू तपासत बसू नये.

आता थांबणं. मांजराने उंदराला गाठलं की पुढे काय करायचं हे ठरवणारा कोडचा एक भाग आहे. त्याच्या नावातच मांजराचं विचार करणं आणि चित्र काढणं एकत्र आहे: नेकोथिंकड्रॉ. या भागात मांजराच्या अवस्था क्रमाने लिहिल्या आहेत. आधी ते नुसतं थांबतं, चार मोजेपर्यंत. एक मोजणी म्हणजे पाव सेकंद, तर एक सेकंद. मग तोंड धुतं, दहा मोजेपर्यंत. मग डोकं खाजवतं, चार. मग जांभई. मग झोपतं. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी मांजराकडे बघून ठरवलेला आहे याबद्दल मला शंका नाही. तोंड धुण्याला अडीच सेकंद आणि खाजवण्याला एकच, हे प्रमाण अगदी बरोबर आहे. मांजर खाजवतं झटक्यात आणि धुतं सावकाश, जणू घरात दुसरं कुणी नाही. क्रमही बरोबर आहे. शिकार हातची गेली, किंवा मिळूनही तिचं काही करायचं नसलं, की मांजर आधी अंग चाटायला घेतं. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक याला गोंधळलेल्या मनाची वळवलेली कृती म्हणतात. घरातले लोक म्हणतात, बघ, आपण पडलोच नाही असं दाखवतेय.

आणि झोप? थांबण्याला चार, धुण्याला दहा, खाजवण्याला चार. झोपेला आकडाच नाही. यादीत बाकी सगळ्यांची मुदत आहे, झोपेची नाही. उंदीर हलत नाही तोवर मांजर झोपलेलंच राहील, तुम्ही जेवून या, गावाला जाऊन या. मोठी मांजरंही दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतात, तेव्हा मुदत न घालणं हेच वास्तवाला धरून आहे. त्यातही लेखकाने एक गोष्ट केली आहे जी पहिल्यांदा बघताना कळत नाही, फक्त बरी वाटते. बाकी सगळ्या अवस्थांत दोन चित्रं सेकंदाला आठ वेळा आलटून पालटून दाखवली जातात. झोपेत हा वेग चौपट कमी केलेला आहे. अर्धा सेकंद एक चित्र, अर्धा सेकंद दुसरं. पोट वर, पोट खाली. एवढ्यानेच तो ठिपक्यांचा पुंजका श्वास घेऊ लागतो. खऱ्या झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसच्या आतच असतो आणि ओनेकोचा साठ भरतो, तेव्हा पशुवैद्याने भुवई उंचावावी हे खरं. तरी मी हा भाग प्रोग्रामातला सर्वांत चांगला मानतो. सगळीकडे एकच नियम लावणं लिहिणाऱ्याला सोपं होतं. झोपेसाठी नियम मोडावासा वाटला, त्यासाठी एक जास्तीची ओळ लिहावी लागली आणि ती लिहिली गेली.

जागं होण्याची ओळही तितकीच पाहण्यासारखी. उंदीर हलला म्हणून मांजर लगेच धावत नाही. आधी दचकतं, डोळे उघडतं आणि तीन मोजेपर्यंत तसंच राहतं. पाऊण सेकंद. तेवढ्यात उंदीर बराच पुढे गेलेला असतो. प्रोग्राम म्हणून हा निव्वळ उशीर आहे. माउसमागे जायचं काम वेळेवर व्हायला हवं असेल तर ही ओळ काढून टाकावी. पण ही ओळ काढली तर मांजर उरणार नाही, बाणाला बांधलेलं शेपूट उरेल. ओनेको आज्ञाधारक वाटत नाही तो या पाऊण सेकंदामुळे.

याहून गमतीचा आहे तो जागं होण्याचा उंबरठा. माउस थोडासा हलला तर मांजर उठत नाही. दोन तपासण्यांच्या मध्ये तो सहा ठिपक्यांहून जास्त सरकला पाहिजे. म्हणजे तुम्ही फार हळू, दर सेकंदाला चाळीसेक ठिपके अशा चालीने माउस सरकवलात, तर झोपलेल्या मांजराच्या तोंडासमोरून उंदीर पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो आणि मांजराला पत्ता लागत नाही. ही गोष्ट मदतपानात खेळ म्हणून सांगितलेली नाही. तिथे फक्त जागं करणारा वेग बदलायचा एक पर्याय दिला आहे. त्यातून हा खेळ आपल्याला आपला शोधावा लागतो. कामाचा कंटाळा आलेल्या दुपारी मी तो खेळतो. भूमिका मात्र उंदराची असते, हे लक्षात ठेवायचं.

नख्या घासण्याचं राहिलं. मांजराला उंदीर गाठायचा आहे पण पडद्याची कड आड आली, तर ते तोंड धुण्याऐवजी त्या कडेवर नख्या घासतं. डाव्या कडेला डावीकडे वळून, वरच्या कडेला मागच्या पायांवर उभं राहून. दहा मोजेपर्यंत, म्हणजे तोंड धुण्याइतकाच वेळ. या एका कृतीने पडद्याच्या कडेला पदार्थपणा येतो. कड आता नुसती शेवटची ओळ राहत नाही, लाकूड होते. घरातली मांजरं नख्यांवरचं जुनं टरफल काढायला आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास सोडायला हे करतात, आणि नेहमी त्याच जागी करतात. आमच्याकडे ती जागा म्हणजे वेताच्या खुर्चीचा डावा पाय. मॉनिटरची कड यापेक्षा स्वस्तात सुटते.

सगुणेबद्दल थोडं सांगतो, कारण तिच्याशिवाय मी हा प्रोग्राम असा वाचला नसता. ती पार्किंगमधून वर आली आणि राहिली. माझा डेस्कटॉप जुना आहे, त्यावर डेबियन आहे, आणि थंडीत त्याच्या पेटीच्या मागचा गरम वारा हा घरातला सर्वांत मोक्याचा भाग आहे. पंख्यात तिचे केस साठतात. महिन्याकाठी पेटी उघडून ब्रशने ते काढणं हे लिनक्सच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत नसलेलं देखभालीचं काम आहे. कीबोर्डवर ती बसते तेव्हा टर्मिनलमध्ये काय उमटेल याचा नेम नाही. म्हणून उठताना कीबोर्ड आणि माउस बंद करून पडदा तसाच दिसत ठेवणारा एक्सट्रलॉक नावाचा छोटा प्रोग्राम मी वापरतो. मांजराचं टायपिंग ओळखून कीबोर्ड अडवणारा पॉसेन्स हा प्रोग्राम अमेरिकेतल्या क्रिस निस्वांडर यांनी केला आणि त्यासाठी त्यांना २०००मध्ये इग्नोबेल पुरस्कार मिळाला. तो विंडोजसाठी होता, तेव्हा आम्ही आपलं कुलूप लावून घेतो.

ओनेको पहिल्यांदा सुरू केला तेव्हा सगुणेने मॉनिटरवर पंजा मारला, मॉनिटरमागे जाऊन बघितलं आणि विषय बंद केला. मी मात्र तेव्हापासून दोघींना शेजारी ठेवून बघतो आहे. आणि एका पर्यायाबद्दल माझं मत त्यामुळेच ठाम झालं. 'टूफोकस' असा तो पर्याय. तो लावला की मांजर माउसमागे जात नाही. तुम्ही ज्या खिडकीत काम करता आहात तिच्या माथ्यावर जाऊन बसतं. टर्मिनलमध्ये लिहीत असाल तर टर्मिनलच्या वर. तिथून ब्राउझरमध्ये गेलात की उठून ब्राउझरच्या वर. ज्या खिडकीकडे लक्ष, तिच्यावर मांजर. उंदीर, शिकार, पाठलाग हे सगळं यात गळून पडतं आणि मांजराचा खरा स्वभाव उरतो. पसरलेल्या वर्तमानपत्राच्या नेमक्या वाचत्या पानावर येऊन बसणारा प्राणी हाच. रिकाम्या खुर्चीत सगुणेला रस नसतो. मी ज्या खुर्चीतून नुकताच उठलो तिच्यात असतो. हा पर्याय का ठेवला गेला असेल ते असो. मदतपानात तो दोन ओळींत उरकला आहे. माझ्या मते या दोन ओळींत मूळ कल्पनेपेक्षा जास्त मांजर आहे.

सगळंच काही चांगलं नाही. पुढच्या आवृत्त्यांत कार्डकॅप्टर साकुरा या जपानी मालिकेतल्या दोन मुली पर्याय म्हणून आल्या, साकुरा आणि तोमोयो. बीएसडीचं लाल सैतानी पिल्लूही आलं. चाहत्यांची हौस म्हणून ठीक. पण या पात्रांना मांजराच्याच अवस्थांतून जावं लागतं, तीच मोजणी, तोच क्रम, आणि मुलगी माउसमागे धावून थकून झोपते यात मला काही दिसत नाही. अवस्थांची ती साखळी मांजरासाठी शिवलेली आहे, दुसऱ्याच्या अंगावर ती बसत नाही. दुसरी उणीव मूळ मांजरातच आहे. ते कधी नकार देत नाही. उंदीर हलला की उठणार, उठलं की धावणार. दहांतल्या एका वेळी डोळा किलकिला करून पुन्हा झोपलं असतं तर काय बहार आली असती! त्यासाठी एक यादृच्छिक आकडा पुरला असता. कोड सार्वजनिक मालकीचा आहे, कुणीही ही ओळ घालू शकतं. मी घातलेली नाही, कारण मग ते कातोंचं मांजर राहणार नाही.

काळाने केलेली उणीव वेगळीच. मांजर बत्तीस ठिपक्यांचंच राहिलं आणि पडदे वाढत गेले. ज्या काळात पडदा हजारेक ठिपके रुंद होता त्या काळात सेकंदाला शंभर ठिपके जाणारं मांजर दहा सेकंदांत या टोकाचं त्या टोकाला पोचत असे. आजच्या फोर-के पडद्याची रुंदी ३,८४० ठिपके. तो ओलांडायला त्याला सदतीस सेकंद लागतात आणि तोवर ते डासाएवढं दिसतं.

पण खरं संकट पडद्याच्या आकाराचं नाही. एक्स ही व्यवस्था १९८४मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची आज वापरात असलेली अकरावी पिढी १९८७ची. तिच्यात सगळे प्रोग्राम एकमेकांच्या ओळखीचे असतात. माउस कुठे आहे, हे कुणीही विचारावं आणि उत्तर मिळावं. ओनेको तेवढंच विचारतो. त्याच दारातून कुणी शेजारच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्डही ऐकू शकतं, ही त्याची दुसरी बाजू. २००८मध्ये क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनी वेलँड सुरू केलं. त्यात प्रत्येक प्रोग्रामला फक्त आपल्या खिडकीपुरतं दिसतं. पॉइंटर दुसऱ्याच्या हद्दीत गेला की तो कुठे आहे हे कळत नाही, आणि स्वतःची खिडकी पडद्यावर हवी तिथे ठेवायची मुभाही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण या कायद्यात मोकाट मांजराला जागा नाही. उबुंटूच्या २५.१० आवृत्तीपासून तिच्या मुख्य ग्नोम डेस्कटॉपवर एक्सचं सत्र निवडायची सोयच राहिलेली नाही.

वेलँडवर ओनेको मरत नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. जुन्या प्रोग्रामांसाठी वेलँडच्या आत एक्सवेलँड नावाचा एक दुभाषा बसवलेला आहे. त्याच्या भरवशावर मांजर पडद्यावर येतं. पॉइंटर एखाद्या जुन्या पद्धतीच्या खिडकीवर असला की मांजराला तो दिसतो. नव्या पद्धतीच्या खिडकीवर गेला की नाहीसा होतो आणि दुभाष्याकडे त्याचा शेवटचा ठावठिकाणा तेवढा उरतो. मग मांजर त्या शेवटच्या ठिकाणापाशी जातं. उंदीर हललेला नाही अशी त्याची समजूत, म्हणून तोंड धुतं, खाजवतं, जांभई देतं आणि झोपतं. दोन खिडक्यांच्या सीमेवर, बिळाच्या तोंडाशी बसावं तसं. पॉइंटर जुन्या खिडकीत परतला की दचकून उठतं, पाऊण सेकंद बघतं आणि धावतं. लेखकाने न लिहिलेला हा प्रवेश लिहिलेल्यांपेक्षा कमी नाही. पाठलागाचा प्रोग्राम बिघडला आणि त्यात इतका वेळ नसलेला दबा आपोआप आला. झोपून धरलेला दबा, पण दबा.

ओनेकोतल्या मांजराला भाषा लागत नाही. स्वयंसेवकांनी मराठीत आणलेले मेन्यू असलेल्या डेस्कटॉपवर ते जसं वागतं तसंच जपानी डेस्कटॉपवर. तेव्हा वाचकाने बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नये. डेबियन, उबुंटू किंवा मिंट असेल तर सुडो एपीटी इन्स्टॉल ओनेको एवढ्या कमांडने काम होतं. मिंटचा सिनॅमन किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप एक्सवर असेल तर उत्तम, मांजर पूर्ण वागणुकीसकट मिळेल. वेग वाढवू नका, तेराच ठेवा. पहिले दोन दिवस उंदरामागे धावू द्या, मग टूफोकस लावा. कुत्रा बघितला नाही तरी चालेल.